पिपेटची ओळखपरेड

मांजराची म्हशीशी रीतसर ओळख करून द्यावी लागते, हे घोड नदीच्या काठावर राहणाऱ्या एकाही माणसाला आजवर सुचलं नव्हतं. इनामगावला जमिनीखाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं सापडली, चुली सापडल्या, जनावरांची हाडं सापडली. म्हणजे इथली माणसं तेव्हापासून जनावरांच्या उशाशी झोपत आली आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी मांजराला उचलून म्हशीपुढं नेलं आणि दोघांची ओळख करून दिली, असा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. ही उणीव भरून काढायचं काम करुणानं अंगावर घेतलं.

करुणा प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली होती आणि सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये होती. तिथं प्राणी म्हणजे फक्त कँटीनमधल्या माश्या. त्यामुळे शिकलेलं वाया चालल्याची रुखरुख तिला होतीच. भाड्याच्या खोलीत तिनं एक मांजर पाळलं होतं. ते मान लांब करून लॅबमधल्या काचेच्या नळीसारखं दूध ओढून घ्यायचं, म्हणून त्याचं नाव पिपेट. खोलीच्या मालकानं एक दिवस सांगितलं, "मॅडम, एक तर तुम्ही ऱ्हावा, न्हाईतर मांजर." करुणानं रजा टाकली आणि पिपेटला टोपलीत घालून गावी आणलं.

गावी, म्हणजे इनामगावच्या अलीकडच्या वस्तीवर, तिचे आईवडील होते, डेपो नावाचा कुत्रा होता आणि शेवंती नावाची म्हैस होती. वडील चांगदेव हे शिरूरच्या एसटी स्टँडवरून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. गाव त्यांना कंट्रोलर म्हणे. निवृत्त होऊनही ते घरात इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसत आणि जेवायला वाढलंय हेसुद्धा माइकवर बोलल्यासारखं सांगत. डेपो पिल्लू असताना एसटी स्टँडवरून त्यांच्या मागंमागं आला होता, म्हणून तो डेपो.

आई ताईबाई नेमकी दौंडला निघाली होती. तिची बहीण तुळजाबाई हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पिशवी काखेत मारून ती उंबऱ्यावर थांबली.

"ठेव मांजर. पन ऐक. मी यायच्या आत घरातलं एक जनावर जरी बिथारलं, तर टोपलीत घालायचं आन् जिथनं आणलं तिथं सोडून यायचं. निकाल तुझे पप्पा देतील. मी देणार न्हाई, माझं मन लगीच पाघळतं."

"आणि शेवंतीची धार कोण काढणार?" करुणानं विचारलं. तो प्रश्न रास्त होता. रेडकू दगावल्यापासून शेवंती फक्त ताईबाईच्या हाताला लागली होती. दुसरं कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची, पाय झाडायची.

"पप्पा काढतील. त्यांना सवय हाय," ताईबाई म्हणाली.

चांगदेवांना एकदम खोकला आला. "धार काढताना गोठ्यात कुणी यायचं नाही," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "म्हैस बुजते."

करुणाच्या शास्त्रीय मनाला इथं एक प्रश्न पडायला हवा होता. बुजणारी म्हैस पप्पांनाच कशी चालते? पण आई गावाला जाई तेव्हा करुणा नेहमी होस्टेलवर असे आणि घरच्या गोष्टींबद्दल कुतूहल वाटायला माणूस फार शिकलेला असून चालत नाही.

ओळखीचं काम तिनं डेपोपासून सुरू केलं. आधी वास, मग दुरून दर्शन, मग भेट, अशा तिच्या पायऱ्या ठरल्या होत्या. शेजारच्या गीताबाई कुंपणावर हात ठेवून बघत होत्या. त्यांच्याकडं कोंबड्या होत्या आणि दिवसभर बोलायला कुणी नव्हतं.

"काय चाललंय गं?"

"मावशी, आधी एकमेकांच्या वासाची ओळख व्हावी लागते. मग ते भांडत नाहीत."

"माझ्या लग्नात एवढं कुणी बघितलं न्हाई बाई," गीताबाई म्हणाल्या. "तुझी पिपाणी पळून जाईल बघ. पंज्यांना लोणी लाव. चाटता चाटता घर वळखीचं व्हतं."

या उपायाला आधार काय, हे करुणानं मनात तपासून पाहिलं. चाटण्यानं ताण कमी होतो, हे तिनं वाचलं होतं. म्हणून तिनं लोणी लावलं. पिपेट लोण्याच्या पायांनी फरशीवर उभी राहिली, घसरली, पलंगावर चढली आणि तिथं वाळत घातलेल्या चांगदेवांच्या तीनही पांढऱ्या शर्टांवरून चालत गेली. मग डेपो आला. त्यानं आयुष्यात भरधाव एसट्या अंगावर घेतल्या होत्या. पण लोणी लावलेलं मांजर बघून तो न्हाणीत जाऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

"डेपो बिथरला," चांगदेव म्हणाले.

"बिथरला नाही पप्पा. तो लांबून निरीक्षण करतोय."

चांगदेवांनी शर्टाकडं पाहिलं. निकाल राखून ठेवला गेला होता एवढंच.

डेअरीवाल्या बाळासोंनी वेगळा सल्ला दिला. वस्तीच्या तोंडाशी त्यांचं दूध संकलन केंद्र होतं आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला फॅटबरोबर सल्लाही मिळे. "ताई, एवढं कशाला? समोरासमोर सोडायचं. एकाची एक थप्पड बसली की मिटतंय. आमच्या दोन्ही सुनांचं असंच मिटलं."

करुणा खोलीत बसून विचार करू लागली. एकेकाशी वेगळी ओळख करून द्यायला रजा पुरणार नव्हती. त्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एकच वास असला तर? एकच कापड सगळ्यांच्या अंगावरून फिरवायचं. मग प्रत्येकाला प्रत्येकजण घरचाच वाटेल. हे तिला इतकं सोपं आणि सुंदर वाटलं, की आजवर कुणी केलं कसं नाही याचं नवल वाटलं. (एखादी सोपी आणि सुंदर गोष्ट आजवर कुणी केलेली नसेल, तर त्यामागं सहसा एक म्हैस असते. हे तिला नंतर कळलं.)

आता कापड कुठलं घ्यायचं? म्हशीचा वास सगळ्यांत मोठा, म्हणून म्हशीपासूनच सुरुवात करणं योग्य. गोठ्यात खुंटीला आईचं एक विटकं हिरवं जुनेर लटकत होतं. त्याला शेवंतीचा, शेणाचा, पेंडीचा असा दाट वास होता. कास पुसायचं फडकं असावं, असा करुणानं निष्कर्ष काढला. नऊवारी लांबीचं फडकं कास पुसायला कशाला लागतं, हे तिनं तपासलं नाही.

दुपारी चांगदेव झोपले असताना तिनं जुनेर काढलं. ते पिपेटच्या गालांवर घासलं, कारण मांजराच्या वासाच्या ग्रंथी गालात असतात. मग टोपलीत अंथरलं. पिपेटला ते इतकं आवडलं, की तिनं त्यावर गोल गोल फिरून नखं मारली, झोप काढली आणि उठताना एका कोपऱ्यावर आपल्या मालकीची ओली खूणही करून ठेवली. तोच कपडा डेपोच्या मानेवरून फिरवला. गीताबाईंची खुडूक कोंबडी त्यात गुंडाळली, तिनं करुणाच्या अंगठ्याला चोच मारली. शेवटी जुनेर झटकून, नीट घडी करून करुणानं परत खुंटीला अडकवलं. जिथली वस्तू तिथं ठेवायची, ही लॅबची शिस्त.

संध्याकाळी चांगदेव बादली घेऊन गोठ्यात गेले. आतून दाराची कडी लागली. करुणा ओट्यावर पिपेटला मांडीवर घेऊन बसली होती. पिपेटनं मधेच नाक वर केलं आणि मांडीवरून उडी मारली. आपलं अंथरूण कुणीतरी वापरत असल्याचं तिला वासावरून कळलं असावं.

आतून आधी फुस्स असा मोठा श्वास ऐकू आला. मग बादली आपटली. मग चांगदेवांचा दबका आवाज, "शेवंती, अगं मी हाय... म्हंजी ताई हाय मी, ताई..." आणि मग दार कडीसकट बाहेर आलं.

पुढं शेवंती होती. तिच्या शिंगात हिरव्या जुनेराचा पदर अडकला होता. बाकीचं जुनेर चांगदेवांनी नेसलेलं होतं. डोक्यावरून घेतलेलं, कासोटा घातलेला, सगळं यथासांग. पदर सोडवावा तर लुगडं सुटतं आणि लुगडं सांभाळावं तर म्हैस ओढते, अशा पेचात निवृत्त वाहतूक नियंत्रक आपल्या म्हशीमागं पळत होते. पिपेटनं झेप घेऊन त्यांचा खांदा पकडला. ते तिचं अंथरूण होतं आणि ते पळून चाललं होतं. डेपोला सगळ्यांतून स्वतःचाच वास येत होता, त्यामुळे तोही आनंदानं शेपूट हलवत सामील झाला.

शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर प्रयोग यशस्वी झाला होता. सगळी जनावरं एकत्र होती आणि एकमेकांशी भांडत नव्हती.

वरात थेट डेअरीवर गेली, कारण शेवंतीला तोच रस्ता माहीत होता. दूध घालायची वेळ होती. अख्खी वस्ती किटल्या घेऊन रांगेत उभी होती. ज्या माणसानं आयुष्यभर इतरांना रांगेत उभं राहायला सांगितलं, तो बायकोचं लुगडं नेसून, खांद्यावर मांजर घेऊन त्या रांगेपुढं येऊन थांबला. क्षणभर कुणीच हसलं नाही. हसणं सुचायलाही वेळ लागतो.

"जय भीम, कंट्रोलर," बाळासो म्हणाले. "आज वैनी न्हाई आल्या?"

मग रांग फुटली.

करुणा धावत पोचली तेव्हा चांगदेव शिंगातला पदर सोडवत होते. त्यांनी तो सोडवला, खांद्यावर नीट घेतला, पिपेटला खाली ठेवलं आणि दाव्याला धरून म्हैस घरी नेली. करुणाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रात्रीच्या जेवणाआधीच गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. त्याच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'शिरूर–दौंड, विनावाहक.'

त्या दिवसापासून चांगदेव करुणाशी बोलेनासे झाले. अगदीच बोलायचं असलं तर ते डेपोशी बोलत.

"पप्पा, मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. लॅबमध्ये एखादं सँपल चुकलं तर ती पुन्हा घ्यायची. वडील पुन्हा कुठून घ्यायचे?

"डेपो, भाकरी झाली का विचार," चांगदेव म्हणाले.

गीताबाईंनी कुंपणावरून समजूत घातली. "अगं, त्यात एवढं काय? जनावर वासाला चुकत न्हाई, म्हून बाईचं लुगडं नेसूनच काढावी लागती धार. माझे मालक व्हते तवा मी माहेरी गेले की ते नथ बी घालायचे. म्हशीला नथीचा वास कुठनं येतोय? पन त्यांना आपलं सगळं यथासांग लागायचं. आन् तो बाळासो दात काढतोय ना, त्याची बायको आळंदीला गेली तवा बांगड्यांचा आवाज गोठ्यातनं मी स्वतः ऐकलाय."

करुणाला हायसं वाटलं. हा तर सर्वमान्य प्रघात होता. ती धावत घरात गेली. "पप्पा, सगळेच नेसतात! बाळासोसुद्धा!"

चांगदेवांनी पेपर खाली घेतला. "डेपो, तिला सांग," ते हळू म्हणाले. "नेसत्यात सगळेच. पन दार लावून नेसत्यात."

करुणा मेल्याहून मेल्यासारखी झाली आणि अशा वेळी शिकलेलं माणूस जे करतं तेच तिनं केलं. चूक दुरुस्त करायला ती आणखी पद्धतशीरपणे लागली. जुनेराला मांजराचा वास लागला होता, तर तो काढायचा. तिनं ते गरम पाण्यात भिजवलं, पावडर लावली, ब्रशानं घासलं, जंतुनाशकात बुडवलं, उन्हात कडक वाळवलं आणि अभिमानानं खुंटीला लावलं.

चांगदेवांनी जुनेर नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"डेपो," ते म्हणाले, "ताईबाईचा बी वास गेला."

मांजराच्या वासाबरोबर कित्येक वर्षांचा आईचा वास गेला होता. शेवंती त्या कपड्याकडं बघेना. तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. चांगदेवांनी आपल्या शर्टातच बसून हात लावून पाहिला, तिनं बादली उडवली. सकाळपर्यंत तिची कास दगडासारखी तटतटली आणि ती पाय फाकून हंबरू लागली. करुणाला आता कळून चुकलं, की पिपेटची टोपली बांधायला घ्यावी. निकाल द्यायला चांगदेवांना तोंड उघडायचीही गरज नव्हती.

तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर तरुण होते, आले लगेच. पण कासेला हात लावण्याआधी त्यांनी मोबाइल काढला.

"कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगा. नोंद केल्याशिवाय उपचार करता येत नाही."

नंबर सांगितला.

"म्हैस ताईबाईंच्या नावावर आहे. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय. तो द्या."

"आई दौंडला आहे."

"मग विचारा फोन करून. ओटीपी आल्याशिवाय ही म्हैस आजारी नाही."

शेवंती त्यांच्या कानाजवळ हंबरली. पण सरकारच्या दृष्टीनं ती ठणठणीत होती.

करुणानं कपाळाचा घाम पुसला आणि दौंडला फोन लावला. "आई, तुझ्या मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांग."

"कसला गं?"

"गॅसचा," करुणा म्हणाली. आयुष्यात खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते जमलं नाही.

"माये, बघ गं काय आलंय," ताईबाई पलीकडं म्हणाली. माया म्हणजे मावशीची नात. इंग्रजी शाळेत जाणारी. ती मोठ्यानं वाचू लागली, "आजी, ह्यात बफेलो लिहिलंय. ट्रीटमेंट लिहिलंय."

"करुणा," ताईबाई म्हणाली, "गॅसवर म्हैस कवापासून मिळाय लागली?"

मग करुणानं सगळं सांगितलं. लोणी, कोंबडी, डेअरी, ब्रश, जंतुनाशक. डॉक्टर तोंडावर रुमाल धरून दुसरीकडं बघत उभे होते. व्हिडिओ त्यांनाही आला असावा. सगळं ऐकून ताईबाईनं आधी ओटीपी सांगितला, कारण म्हैस महत्त्वाची होती.

डॉक्टरांनी कास तपासली. "सूज आलेली नाही अजून. इंजेक्शन देऊन पान्हा सोडवता येईल, पण त्याची सवय लागते. ती ज्या हाताला लागलीय, तो हात आणा. आज संध्याकाळी दूध निघालंच पाहिजे."

"तुळजाची पट्टी उद्या सुटती. मला आज येता यायचं न्हाई," ताईबाई फोनवरूनच म्हणाली. "ऐक. मी निघताना अंगावरचं लुगडं सोडलेलं हाय. खाटंखाली बोचक्यात. धुवायचं ऱ्हायलंय, तुझ्या नशिबानं. ते नेस."

"पप्पांना सांगू?"

"न्हाई. त्यांना काय बी सांगू नको आता. तू नेस. आन् करुणा... दार लाव."

संध्याकाळी करुणानं बोचकं सोडलं. आईचं लुगडं तिनं नाकाशी धरलं. धूर, घाम, हळद आणि खोबरेल तेल. प्रयोगशाळेत हा वास कशाकशाचा बनलाय हे सांगता आलं असतं, पण बनवता आला नसता. कासोटा तिला जमेना. मोबाइलवर व्हिडिओ बघून नेसली, तरी एक पाय उघडाच राहिला. डोक्यावरून पदर घेऊन, हातात बादली धरून ती अंगण ओलांडू लागली आणि वाटेत थांबली. ओट्यावर चांगदेव बसले होते.

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला वाटलं, जमीन फाटली तर बरं. तिनं गोठ्याचं दार लोटलं आणि आतून कडी लावली. कडी कालच नवी बसवली होती. कुणी बसवली, हे तिनं विचारलं नव्हतं.

शेवंतीनं मान वळवून वास घेतला. एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला. करुणा खाली बसली, कासेला पाणी लावलं.

तेवढ्यात बाहेरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी गोठ्याच्या दारापुढंच खुर्ची टाकून बसलं होतं. पाठोपाठ वाटेवर पावलं वाजली.

"काय कंट्रोलर, दोन दिवस दूध न्हाई तुमचं," हा बाळासोंचा आवाज. मागं आणखी दोघंतिघं खुदखुदत होते. "म्हटलं, बघून यावं. आज आत कोन हाय? वाटेवरनं दिसली लेक लुगडं नेसून आत जाताना. उघडा की दार, बघू तरी."

करुणाचे हात थांबले. शेवंतीचे कान ताठ झाले. गोठ्यातलं शेणपाणी बाहेर जायला भिंतीत खाली एक भोक होतं. त्यातून आधी दोन मिशा आल्या, मग पिपेट आली. ती सरळ चालत आली, लुगड्याच्या पसरलेल्या काठाचा वास घेतला आणि शेवंतीच्या पुढच्या खुरापाशी अंगाचं मुटकुळं करून बसली. करुणानं श्वास रोखला. आता लाथ, बादली, दार, डेअरी.

शेवंतीनं खाली तोंड घालून मांजर हुंगलं. मग एक लांब सुस्कारा सोडला. बादलीत पहिली धार वाजली.

बाहेर हसणं थांबलं. धारेचा आवाज सगळ्यांना ओळखता येतो.

चांगदेवांनी घसा खाकरला. दोन दिवस न निघालेला, शिरूर स्टँडवर शेवटच्या फलाटापर्यंत पोचणारा तो आवाज निघाला.

"कृपया दारापुढं गर्दी करू नये. दार उघडणार नाही. आत माझी मुलगी आहे, म्हैस आहे आणि आमचं मांजर आहे." मग माइक बाजूला ठेवल्यासारखं ते हळू म्हणाले, "आन् बाळासो, बांगड्या उतरवल्या का आळंदीनंतर?"

पावलं परत गेली, आली त्यापेक्षा घाईनं.

करुणानं मान खाली घातली आणि धार काढत राहिली. पदर डोळ्यांवर येत होता, तो तिनं मागं सारला नाही.

"करुणा," दारापलीकडून आवाज आला, "कासोटा सुटलाय तुझा. आत जाताना बघितलं मी. बाहेर यायच्या आधी नीट खोच."